मोटरीला इंटरनेटवर पत्ता कशाला?

वाचक विचारतात: छोटी यंत्रं, छोट्या चिपा

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच जातीची आहेत. कुणी तरी पोरानं, पुतण्यानं, ओळखीच्या इंजिनिअरनं छोट्या चिपेवर एक पेटी करून दिली, ती चालली, आणि आता ती इंटरनेटला जोडायची आहे. पत्रं जागेपुरती कापली आहेत. वायरमनला कळेल आणि कॉलेजच्या पोराला कंटाळा येणार नाही, इतपत उत्तरं बेतली आहेत.

‘ताई, आमचं रान वेदगंगेच्या काठाला, निपाणीपासून जवळ. घर रानातच. ऊस आहे, नदीवर साडेसात एचपीची मोटर. पुतण्यानं ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी चिप) ची पेटी करून स्टार्टरला जोडली. मोबाईलवर पान उघडतं, चालू-बंद अशी दोन बटणं, घरच्या वायफायवर झकास चालतंय. मुलगा पुण्याला असतो, त्यालाही तिथनं मोटर लावता यावी म्हणून नेटवाल्याला विचारलं. तो म्हणतो, स्टॅटिक आयपी घ्या, पोर्ट फॉरवर्ड करून देतो. महिन्याला पैसे वाढतात. घ्यावं काय? मी म्हणतो, आमच्या उसातली मोटर हुडकायला कोण येतंय!’

काका, घेऊ नका. पैसे वाचवा. स्टॅटिक आयपी म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, आणि पोर्ट फॉरवर्ड म्हणजे त्या पत्त्याचं एक दार (पोर्ट) थेट तुमच्या पेटीपर्यंत उघडून देणं.

हुडकायला माणूस येत नाही, हे बरोबर. यंत्र येतं. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. ऐकायला खूप वाटतात. पण २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी झेडमॅप नावाचं सॉफ्टवेअर काढलं. लाईन गिगाबिटची असेल तर एका साध्या कॉम्प्युटरवरून ते पाऊण तासाच्या आत सगळ्या पत्त्यांवर एखादं पोर्ट उघडं आहे का ते बघून येतं. त्याला निपाणी काय आणि न्यूयॉर्क काय! तुमचं पोर्ट उघडलं की त्यावर थापा पडायला सुरुवात होते, आणि त्या मोटरीसाठी नसतात, जे सापडेल त्यासाठी असतात. २०१६ च्या मिराई प्रकरणात हेच झालं. कॅमेरे, डीव्हीआर, राऊटर यांच्यावर साठेक ठरलेली युजरनेम-पासवर्डची जोडपी लावून बघायची, ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ छापाची, आणि आत शिरलं की ते यंत्र आपल्या फौजेत. २१ ऑक्टोबर २०१६ ला ही फौज वेबसाइटांचे पत्ते सांगणाऱ्या डिन या कंपनीवर सोडली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास धड उघडेनात. ज्यांच्या भिंतीवर ते कॅमेरे होते त्यांना याचा गंधही नव्हता.

तुमच्या पेटीत तर भानगड त्याहून साधी असणार. पुतण्याला विचारा, पानाला पासवर्ड आहे का? नेटवर मिळणाऱ्या तयार उदाहरणांत तो बहुतेक नसतोच. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन ‘ऑन’ लिहिलं की रिले, म्हणजे स्टार्टरचं विजेवर चालणारं बटण, ओढला जातो. असलं पान बाहेर उघडं ठेवलंत तर चोराचीही गरज नाही. शोधयंत्रांचे रोबॉट पानावरच्या प्रत्येक दुव्यावर जाऊन बघतात, ते त्यांचं रोजचं काम आहे. ‘चालू’ हाही त्यांच्या लेखी एक दुवाच. मनात काही वाईट नसताना रोबॉट तुमची मोटर लावून जाईल. आणि पासवर्ड असला तरी पान कुलूप नसलेल्या साध्या एचटीटीपीवर आहे, तेव्हा तो उघड्या पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा जातो.

मग करायचं काय? उलटं. पेटीनं स्वतःहून बाहेर जोडणी करायची, बाहेरच्यानं आत यायचं नाही. यासाठी एमक्यूटीटी नावाची पद्धत आहे. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोघांनी ती काढली, तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत नजर ठेवायला. उपग्रहाची लाईन महाग, त्यामुळं बाइट मोजून मापून. त्यात मध्ये एक ब्रोकर असतो. तुमची पेटी ब्रोकरला जोडलेली राहते, पुण्यातला फोनही त्यालाच जोडतो, निरोप ब्रोकर पोचवतो. ब्रोकर म्हणून मॉस्क्विटो हे फुकटचं सॉफ्टवेअर छोट्या भाड्याच्या सर्व्हरवर आरामात चालतं. स्टॅटिक आयपी तुम्हाला लागत नाही. उद्या घरचं नेट बंद पडून पेटीत सिम घातलंत तरी चालेल. मोबाईल कंपन्या एकेक सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटतात, म्हणून सिमपर्यंत बाहेरून पोचता येत नाही. पेटीच बाहेर जात असेल तर त्यानं काही अडत नाही.

ब्रोकरला साधं पोर्ट १८८३, टीएलएसचं (म्हणजे कुलूपबंद जोडणीचं) ८८८३. यातलं टीएलएसचंच वापरा. ईएसपी३२ मध्ये ५२० केबी रॅम आहे, एका टीएलएस जोडणीला साधारण ४० केबी जाते, परवडतं. प्रत्येक पेटीला वेगळा पासवर्ड, आणि ब्रोकरच्या परवानगीच्या यादीत लिहायचं की ही पेटी फक्त स्वतःच्याच विषयावर बोलेल आणि ऐकेल. शेजाऱ्यानंही उद्या अशीच पेटी बसवली आणि त्याची फुटली, तर त्यातनं तुमची मोटर हलता कामा नये.

आता पुतण्यासाठी. बाबा, तुझ्या कोडमध्ये ‘सेटइनसिक्युअर’ अशी ओळ आहे का बघ. असणार. टीएलएस जोडणी होत नाही म्हणून कुणी तरी कुठं तरी ती सुचवलेली असते, ती टाकली की सगळं सुरळीत होतं, आणि मग ती काढायची राहून जाते. त्या ओळीचा अर्थ असा की समोरच्याचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, बघायचंच नाही. बोलणं गुप्त राहतं खरं, पण कुणाशी बोलतोय ते कळत नाही. मधल्या माणसानं ‘मीच ब्रोकर’ म्हटलं की पेटी त्याला पासवर्ड देऊन मोकळी. ती ओळ काढ आणि मूळ सर्टिफिकेट (ज्याच्या सहीवर ब्रोकरचं ओळखपत्र खरं ठरतं ते) कोडमध्ये घाल.

आणि याहून महत्त्वाचं, कारण इथं माणूस मरू शकतो: एमक्यूटीटीत निरोपाला ‘रिटेन’ म्हणून एक खूण लावता येते. ती लावली की ब्रोकर शेवटचा निरोप धरून ठेवतो आणि जो कुणी नव्यानं जोडला जाईल त्याला तो लगेच देतो. तापमान, पाण्याची पातळी यांना ती छान. फोन उघडला की ताजा आकडा दिसतो. पण ‘मोटर चालू’ या हुकमाला ती खूण लावलीस तर काय होईल बघ. संध्याकाळी पुण्याहून चालू केलं, थोड्या वेळानं थ्री फेज गेली. काका फुटव्हॉल्व्हमधला गाळ काढायला खाली उतरले. लाईट आली, पेटी उठली, ब्रोकरला जोडली, ब्रोकरनं धरून ठेवलेला ‘चालू’ हातात दिला. मोटर सुरू. कुणीही बटण दाबलेलं नाही. म्हणून हुकमाला रिटेन कधीच नाही. पेटी नसताना ब्रोकरनं रांगेत ठेवलेले हुकूमही असेच मागाहून येतात, तेव्हा प्रत्येक हुकमात वेळ घाल आणि मिनिटभराहून शिळा असेल तर पेटीनं तो फेकून द्यावा. २०१९ मध्ये मान्य झालेल्या एमक्यूटीटी ५ मध्ये निरोपाला मुदत घालायची सोय आहे, तीही वापर. लाईट आल्यावर पेटीची पहिली अवस्था नेहमी ‘बंद’.

रिलेसाठी पिन निवडताना ०, २, ५, १२, १५ हे टाळ. चालू होताना चिप याच पिनांकडे बघून कसं उठायचं ते ठरवते, आणि त्यातले काही त्या क्षणी नुसतेच फडफडतात. स्टार्टर कट्‌कन वाजून थांबला तर आधी हेच तपास.

पॅनेलमध्ये हे सगळं नसलं तरी चालेल, पण पुढचं हवंच. ऑटो-मॅन्युअल-बंद असा किल्लीचा सिलेक्टर स्विच, जो ‘बंद’ वर केला की सॉफ्टवेअरनं कितीही आपटलं तरी कॉन्टॅक्टर ओढला जाणार नाही. ड्राय रन, सिंगल फेजिंग आणि ओव्हरलोड यांची संरक्षणं वेगळ्या रिलेवर, चिपेच्या भरवशावर नाहीत. पाण्यात उतरणाऱ्यानं स्विच ‘बंद’ वर करून खिशात किल्ली घालूनच उतरावं. हे मी प्रत्येक पॅनेलवाल्याला सांगते आणि प्रत्येक जण ‘होय की’ म्हणतो.

‘मॅडम, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, बेळगावातच. सर म्हणतात प्रोजेक्टमध्ये आरटीओएस (ठरल्या वेळेत कामं उरकणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) वापरा, मार्क जास्त मिळतात. अर्डुइनो उनोवर ऑपरेटिंग सिस्टिम असते का? फ्रीआरटीओएस, रायट, कॉन्टिकी, झेफिर, यातलं कुठलं घेऊ?’

उनो हा छोटा बोर्ड, त्यावर काही नसतं. २ केबी रॅम, ३२ केबी फ्लॅश (लाईट गेली तरी टिकणारी साठवण), आणि तुझा ‘लूप’ गोल फिरत राहतो. पुष्कळ कामांना तेवढं पुरतं. मार्कांसाठी त्यात आरटीओएस कोंबू नकोस.

ती लागते कधी? एकाच वेळी दोन-तीन कामांना वाट बघायची असते तेव्हा. नेटचं उत्तर यायला वेळ लागतोय आणि त्याच वेळी ओव्हरलोडचा इशारा आला, तर दुसरं काम पहिल्याला बाजूला सारून पुढं गेलं पाहिजे. फ्रीआरटीओएस हे करतं. रिचर्ड बॅरी यांनी ते २००३ मध्ये आणलं, २०१७ पासून ते अ‍ॅमेझॉनकडे आहे, परवाना मोकळा. गंमत म्हणजे ईएसपी३२ वर अर्डुइनोचा कोड लिहितोस तेव्हा खाली फ्रीआरटीओएसच चालू असतं. म्हणजे मार्क तुझे आधीच निघाले.

यात प्रत्येक कामाला स्वतःचा स्टॅक (तात्पुरत्या गोष्टी ठेवायची रॅममधली जागा) द्यावा लागतो, आणि रॅम खातो तो हाच. अ‍ॅडम डंकेल्स यांनी स्वीडनमध्ये २००३ च्या सुमाराला कॉन्टिकी काढलं, त्यात यावर एक युक्ती होती: प्रोटोथ्रेड. कामाला स्वतःचा स्टॅकच नाही. कुठं थांबलो तेवढा ओळीचा नंबर लक्षात ठेवायचा आणि परत तिथूनच सुरू करायचं. काही बाइटांत काम भागतं. किंमत अशी की मध्ये थांबलं की फंक्शनमधली साधी व्हेरिएबल पुसली जातात. ‘स्टॅटिक’ लिहायला विसरलास की मूल्यं गायब आणि तू रात्रभर सेन्सरला शिव्या देत बसणार. आता त्याचं कॉन्टिकी-एनजी हे रूप चालतं. रायट हे बर्लिन, हॅम्बुर्ग आणि फ्रान्सच्या संशोधकांचं, २०१३ पासून खुलं. त्यात नेहमीसारखे थ्रेड लिहिता येतात आणि तरी दीड केबी रॅमपासून सुरुवात होते. झेफिर २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशननं घेतलं, बोर्डांची यादी प्रचंड, पण शिकायला चढण आहे.

किती केबीत बसतं हे सगळे विचारतात. मी उलट विचारते: पाच वर्षांनी यात भोक सापडलं तर दुरुस्ती कोण पाठवणार? आर्म कंपनीचं एमबेड ओएस कॉलेजांत किती तरी वर्षं शिकवलं गेलं. २०२४ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की जुलै २०२६ नंतर ते बंद. कोड खुला आहे, पण रखवालदार गेला. जून २०२० मध्ये ट्रेक नावाच्या एका टीसीपी/आयपी लायब्ररीत, म्हणजे यंत्राला इंटरनेटवर बोलायला लावणाऱ्या तयार कोडमध्ये, १९ दोष उघड झाले, रिपल२० म्हणून ते गाजले. ती लायब्ररी नव्वदीपासूनची, हातोहाती विकली गेलेली, आणि आपल्या यंत्रात ती आहे हेच कित्येक उत्पादकांना माहीत नव्हतं. म्हणून प्रोजेक्टच्या अहवालात एक पान असं घाल: कुठली लायब्ररी, कुठली आवृत्ती, कुठून घेतली. परीक्षक विचारणार नाहीत. नोकरीत विचारतील.

‘बेळगावच्या उद्यमबागेत आमचं हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट आहे. भट्ट्यांवर नोडएमसीयू (वायफायचा छोटा बोर्ड) बसवून तापमान ग्राहकाच्या सर्व्हरवर एचटीटीपीएसनं (टीएलएसच्या कुलपातल्या एचटीटीपीनं) पाठवतो. त्यांना प्रत्येक लॉटचा आलेख लागतो. लाईट जाऊन आली की डेटा जायचा बंद होतो. कधी आपोआप सुरू होतो, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत नाही. ज्यानं करून दिलं तो मुलगा लॅपटॉप घेऊन येतो, केबल लावतो, आणि नेमकं तेव्हा चालतं! बोर्ड खराब आहेत म्हणून बदलून घेतले. फरक नाही.’

बोर्ड चांगले आहेत, जुने परत लावा. आणि त्या मुलाला बोलू नका. केबल लावल्यावर चालतं हाच यातला सगळ्यात उपयोगी धागा आहे.

नोडएमसीयूवरच्या ईएसपी८२६६ चिपेला बॅटरीवरचं घड्याळ नाही. लाईट आली की तिच्या लेखी १ जानेवारी १९७० उजाडतो. सर्व्हरचं सर्टिफिकेट मात्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत खरं असतं. १९७० सालच्या चिपेला ते अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून ती जोडणी नाकारते, आणि तिचं बरोबरच आहे. यावर उपाय म्हणून प्रोग्राम सुरुवातीला एनटीपी सर्व्हरला, म्हणजे नेटवरच्या घड्याळाला, वेळ विचारतो. आता क्रम बघा. लाईट येते, चिप दोन सेकंदांत उठते, राऊटर उठायला त्याहून किती तरी जास्त वेळ घेतो. चिप वेळ विचारते, उत्तर येत नाही, प्रोग्राम पुढं जातो आणि परत कधी विचारत नाही. दिवसभर १९७०. मुलगा येऊन यूएसबी केबल लावतो, सीरियल मॉनिटर उघडतो. तो उघडताच बोर्ड रीसेट होतो, राऊटर तोवर केव्हाच उठलेला असतो, वेळ मिळते, डेटा जातो. मुलगा निघून जातो, तुम्ही खूश.

दुरुस्ती दोन ओळींची: वेळ मिळेपर्यंत विचारत राहायचं, तोवर सर्व्हरकडे जायचंच नाही. त्या वेळातलं तापमान चिपेच्या फ्लॅशमध्ये साठवायचं आणि नंतर पाठवायचं, नाही तर आलेखात भोक राहणार आणि ग्राहक लॉट परत करणार. कारखान्याच्या राऊटरवर यूडीपी १२३ हे वेळ विचारायचं पोर्ट अडवलेलं नाही ना, तेही बघून घ्या.

मी असते तर याखेरीज प्रत्येक पेटीत डीएस३२३१ चं घड्याळ बसवलं असतं. वर्षाला मिनिटभर इकडं तिकडं, इतकं ते नेमकं. फक्त बाजारात जो निळा झेडएस-०४२ बोर्ड मिळतो त्यावर चार्जिंगचं सर्किट असतं, पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलसाठी. आपण त्यात साधा सीआर२०३२ घालतो आणि ५ व्होल्ट देतो; तो चार्ज व्हायच्या लायकीचा नाही, फुगतो. डायोडजवळचा ‘२०१’ लिहिलेला बारका रेझिस्टर सोल्डरिंग आयर्ननं उचलून टाका, मग सेल घाला. आणि पेटी भट्टीच्या अंगाला चिकटवू नका.

सर्टिफिकेटचा विषय निघालाच आहे तर पुढचं दुखणंही सांगते, कारण ते यायचंच आहे. चिपेत मूळ सर्टिफिकेट कोरलेलं असतं आणि त्यालाही शेवटची तारीख असते. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ नावाचं एक मूळ सर्टिफिकेट संपलं, आणि फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टवर भिस्त असलेली जगभरातली कित्येक जुनी यंत्रं त्या दिवशी गप्प झाली. कुणी हल्ला केला नव्हता. नुसती तारीख उलटली. काही जण मूळ सर्टिफिकेटऐवजी सर्व्हरचंच सर्टिफिकेट कोरून ठेवतात. ते तर काही महिन्यांचं. लेट्स एन्क्रिप्टची ९० दिवसांची मुदत तुम्हाला माहीत असेल. ब्राउझरवाल्यांनी आणि सर्टिफिकेट देणाऱ्यांनी मिळून ठरवलंय की मार्च २०२९ पासून कुणाचंच ४७ दिवसांहून जास्त चालायचं नाही. म्हणून मूळ सर्टिफिकेट एक नाही, दोन ठेवा, त्यांच्या तारखा पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला वायरिंग डायग्रामशेजारी लिहा, आणि दुरून अपडेट करायची सोय ठेवा.

ते अपडेटही लाईट जाणाऱ्या गावात जपून. ईएसपी३२ वर फ्लॅशमध्ये प्रोग्रामसाठी दोन जागा करता येतात. नवा दुसऱ्या जागेत उतरवायचा, सही तपासायची, मगच त्यावरून उठायचं. नव्यानं नीट उठून सर्व्हरशी बोलून दाखवलं नाही तर आपोआप जुना. अर्ध्यात लाईट गेली तरी जुना शाबूत. पुढच्या पेट्या करताना ८२६६ सोडून ईएसपी३२ घ्या. मात्र त्याच्या आयडीएफमध्ये (चिपेसाठी प्रोग्राम लिहायच्या कंपनीच्या साहित्यात) सर्टिफिकेटची तारीख तपासणं मुळात बंद ठेवलेलं असतं. म्हणजे तुमचं आजचं दुखणं तिथं दिसणारच नाही, आणि मुदत संपलेलं सर्टिफिकेटही बिनबोभाट चालेल. ती सेटिंग चालू करून घ्या.

‘मी एम.टेक. करते. खानापूरकडच्या जंगलपट्टीत मातीतली ओल मोजणारे नोड (रेडिओनं बोलणारी छोटी यंत्रं), कॉन्टिकी-एनजीवर, बॅटरीवर चालणारे. मला कोॲप (छोट्या यंत्रांसाठीची एचटीटीपीसारखी पद्धत) वापरायचं आहे. गाइड म्हणतात, वेब सर्व्हिस म्हणजे एचटीटीपीएस, दुसरं काही सुरक्षित नसतं.’

गाइडांशी भांडू नकोस, त्यांना बाइट मोजून दाखव. तुझ्या नोडमधल्या ८०२.१५.४ जातीच्या कमी ताकदीच्या रेडिओची एका खेपेची सगळी चौकट मिळून १२७ बाइटांची. त्यात पत्ते, हेडर (निरोपाच्या डोक्यावरची माहिती), सुरक्षेचा भाग वजा जाता तुझ्या वाट्याला जे उरतं, त्यात एचटीटीपीचं एखादं लांबलचक हेडरसुद्धा बसत नाही. कोॲपचं ठरलेलं हेडर ४ बाइटांचं. जून २०१४ मध्ये आरएफसी ७२५२ म्हणून ते आलं; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांक दिलेला दस्तऐवज. गेट, पोस्ट, पुट, डिलीट तेच, पत्त्याची रचना तीच. खाली जोडणी बांधून बोलणाऱ्या टीसीपीऐवजी नुसता निरोप टाकणारं यूडीपी. ती वेब सर्व्हिसच आहे, अंगकाठी बारीक.

सुरक्षा दोन तऱ्हांनी. डीटीएलएस घालून पोर्ट ५६८४ वर, म्हणजे टीएलएसचंच यूडीपीवरचं भावंड. नोड झोपून उठला, मधल्या राऊटरनं त्याचा पोर्ट नंबर बदललेला असला, तर जुनी जोडणी ओळखली जात नाही आणि पुन्हा सगळी ओळखपाळख करावी लागते. बॅटरी तिथं जाते. २०२२ च्या आरएफसी ९१४६ मधला कनेक्शन आयडी यासाठीच आहे. दुसरी तऱ्हा ऑस्कोर, आरएफसी ८६१३, २०१९ ची. तुझ्या रचनेत जंगलाच्या कडेला गेटवे (नोडांना इंटरनेटशी जोडणारी पेटी) असणार आणि त्यात प्रॉक्सी, म्हणजे निरोप पुढं देणारा मध्यस्थ. डीटीएलएस प्रॉक्सीपाशी संपतं, तिथं निरोप उघडा होतो. ऑस्कोर निरोपालाच बंद करतं, प्रॉक्सी तो पुढं ढकलतो पण आतलं वाचू शकत नाही. गेटवे कुणाच्या तरी घराच्या माळ्यावर राहणार असेल तर मी ऑस्कोर घेईन.

आरएफसी ७२२८ मध्ये अशा यंत्रांचे वर्ग पाडलेत: वर्ग १ म्हणजे १० केबीच्या आसपास रॅम आणि १०० केबी कोड, वर्ग २ म्हणजे ५० आणि २५०. त्याखालचा वर्ग शून्य. त्यानं थेट इंटरनेटशी सुरक्षित बोलायची अपेक्षाच ठेवू नये, असं तिथं स्पष्ट आहे. तुझा नोड कुठं बसतो ते पहिल्या प्रकरणात लिही. आणि साधं ५६८३ पोर्ट सार्वजनिक पत्त्यावर उघडं सोडू नकोस. यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो, मग छोट्या प्रश्नाचं मोठं उत्तर तुझा नोड भलत्याच्याच अंगावर फेकत बसेल.

पावसाळ्यात कणकुंबीकडं नोड नेणार असशील तर सुरक्षेआधी पेटीचं सील बघ. झाडीत २.४ गिगाहर्ट्‌झ फार लांब जात नाही. जमलं तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा विनापरवाना पट्टा विचारात घे.

‘गावच्या पाण्याच्या टाकीवर सिम घातलेली पेटी आहे. टाकी भरली की वॉल्व्हवाल्याला एसएमएस येतो. इंग्रजीत होता तेव्हा एक यायचा. मराठी केला तर तीन तुकड्यांत येतो, कधी मधला तुकडाच येत नाही.’ (खानापूर तालुका)

इंग्रजीत एका एसएमएसला १६० अक्षरं, देवनागरीत ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळी मोजली जाते. ‘पाणी’ म्हणजे चार. त्यात लांब मजकूर तोडून पाठवताना जोडणीची खूण घालावी लागते, म्हणून तुकड्यामागं ६७ च उरतात. ‘नमस्कार, आपल्या गावच्या पाणीपुरवठा योजनेची...’ हे सगळं काढून टाका. ‘टाकी भरली ६:१०’ एवढं पुरे. वॉल्व्हवाल्याला कन्नडच वाचता येत असेल तर कन्नडमध्येही हिशेब हाच, ७०.

एसएमएसनं उलट हुकूमही जात असेल, म्हणजे वॉल्व्ह बंद-चालू, तर नुसता पाठवणाऱ्याचा नंबर बघून विश्वास ठेवू नका. नंबर खोटा दाखवता येतो. मजकुरात दर वेळी बदलणारा आकडा हवा. तो ज्याला जमणार नाही त्यानं एसएमएस फक्त खबर देण्यापुरता ठेवावा.

‘येळ्ळूरला माझं भाताचं रान आहे. पंपासाठी तयार मोबाईल स्टार्टर घ्यायचा आहे, अ‍ॅपवाला. दुकानदार सगळे चांगलेच म्हणतो. काय विचारून घेऊ?’

बाई, पहिला प्रश्न: नेट आणि कंपनीचा सर्व्हर दोन्ही बंद असले तर हातानं मोटर लागते का? दुकानातच लावून दाखवायला सांगा. दुसरा: पासवर्ड प्रत्येक पेटीचा वेगळा आहे का, की सगळ्यांचा १२३४? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती वापराच्या स्मार्ट यंत्रांना असे सरसकट पासवर्ड कायद्यानंच बंद आहेत. आपल्याकडं दुकानदार हसेल, हसू दे. तिसरा: अपडेट किती वर्षं मिळणार, ते बिलावर लिहून द्या म्हणावं. लिहून द्यायला तयार झाला तर तोच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

आणि जुनी पेटी भंगारात घालणार असाल तर त्याआधी ती रीसेट करा. अशा कित्येक बोर्डांच्या फ्लॅशमध्ये तुमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड साध्या अक्षरांत पडलेला असतो, आणि तो वाचायला एक केबल पुरते. रीसेटचं बटण सापडलं नाही किंवा बोर्ड मेलेला असेल तर वायफायचा पासवर्डच बदलून टाका.